वतनाची भीती

मागच्या हिवाळ्यात आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन तिकोणा पेठेत गेलो होतो. कामशेत, पवनानगर आणि मग पेठ. चपेटदान मारुती, चुन्याचा घाणा, लेणे असे बघत वर चढलो आणि त्र्यंबकेश्वराच्या देवळापाशी डबे उघडले. समोर तुंग, उत्तरेला लोहगड आणि विसापूर, खाली पवनेचे धरण. तेथे एका मुलाने आवाज अगदी खाली घेऊन विचारले, ‘सर, हम किस तरफ थे?’

सातवीच्या पुस्तकात शिवकाळ येतो. अफझलखानाचा धडा आला की आमच्या वर्गात मुले खाली बघू लागतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. अशा वेळी नूर बेग, दर्या सारंग, काझी हैदर ही महाराजांच्या पदरची नावे घाईघाईने फळ्यावर लिहायचा मोह आम्हांलाही होतो. नावे खरी आहेत. पण ती लिहिण्याची घाई आमच्या भीतीची आहे. म्हणून त्या दिवशी आम्ही नावे सांगितली नाहीत. त्या मुलुखातली माणसे तेव्हा कशाला भीत होती, ते सांगितले.

मराठीत भीतीसाठी दहशत, जरब, हैबत हे शब्द आहेत. ते फारसी दरबारातून आले आणि घरचे झाले. त्याच वाटेने ‘वतन’ आले. आमच्या मुलांना वतन म्हणजे देश. मावळातल्या देशमुखाला वतन म्हणजे पिढीजात हक्क, मान, इनाम जमीन, पोराबाळांची भाकरी. त्याची सर्वांत मोठी भीती तेथे होती. मेले तर घराणे उरते, पण वतन गेले तर घराणेच गेले. राज्य करणाऱ्याला हे नेमके ठाऊक असे.

१६५९च्या जून महिन्यात विजापूरच्या आदिलशाहाचे फर्मान कान्होजी जेधे यांच्याकडे आले. अफझलखानाला सामील व्हा, शिवाजीच्या माणसांना आसरा देऊ नका, असा त्याचा हुकूम. रोहिड खोऱ्यातला खंडोजी खोपडे खानाकडे गेला. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. वतन जाईल, तुम्हीही खानाकडे जा, असे महाराजांनी सुचवल्यावर त्यांनी वतनावर पाणी सोडले, असे जेधे करिन्यात आहे. मग त्यांनी इतर देशमुखांना गोळा केले. दोघेही मावळातले, दोघेही देशमुख. एकाची भीती त्याला एका बाजूला घेऊन गेली, दुसऱ्याने भीतीचे मूळच आधी सोडून दिले. खंडोजीला आम्ही चटकन गद्दार म्हणून मोकळे होतो. त्याच्या घरच्यांनी त्या रात्री काय बोलले असेल, हा विचार वर्गात करायला हरकत नाही.

भीतीचा दुसरा प्रकार सहा वर्षांनी याच डोंगरांनी पाहिला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसले आणि त्यांनी मुलूख जाळायला टोळ्या धाडल्या. एकीचा सरदार दाऊदखान कुरेशी, त्याच्यासोबत राजा रायसिंग सिसोदिया. दुसरी कुतबुद्दीनखानाची. तिने लोहगड, विसापूर, तिकोणा, तुंग या चार किल्ल्यांखालची गावे जाळली. किल्ले घेण्याची गरजच नव्हती. वर शिबंदी बसलेली, खाली तिच्याच भाऊबंदांची घरे पेटलेली. वरून धूर दिसला की पुरे. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले मोगलांना गेले. त्यांत तिकोणा होता. तह करण्यामागे कारणे अनेक, पण रयतेच्या जळत्या घरांचे वजन त्यांत मोठे होते, असे आमचे मत आहे.

हा हुकूम देणारा राजपूत, पाळणाऱ्यांत एक कुरेशी आणि एक सिसोदिया. जळाले ते शेतकरी. मुलाच्या प्रश्नाला येथे अर्धे उत्तर होते. आम्ही ते मोठ्याने म्हटले नाही.

आणि भिववणाराही भितो. १६८१च्या जानेवारीत शहजादा अकबर बापाविरुद्ध उठला. त्याच्याजवळ राजपूत फौज होती. औरंगजेबाने अकबराची पाठ थोपटणारे एक बनावट पत्र लिहिले आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी व्यवस्था केली, असे सांगतात. रातोरात फौज निघून गेली. तोफ डागावी लागली नाही, संशय पुरला. हाच अकबर दुर्गादास राठोडाबरोबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. काही दिवस त्याला तिकोण्यावर ठेवले होते, हवा मानवली नाही म्हणून जैतापूरला हलवले, असे किल्ल्याच्या इतिहासात देतात. आम्ही बसलो होतो त्याच आवारात बादशहाचा मुलगा बापाच्या भीतीने राहिला असेल, हे ऐकून मुले एकदम गप्प झाली. १६८७ मध्ये तो इराणला गेला.

वतने गेली, भीती मात्र गेली नाही. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी बसले, ते जमीन बुडेल या धास्तीने. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले, तेव्हा मावळच्या शेतकऱ्याला वाटले की नदी कोरडी पडेल. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. काम थांबवावे लागले. पुढे निवडणुकांच्या सभांत तो गोळीबार पुन्हा पुन्हा निघत राहिला. पाणी काढून घेतील, हे एवढे वाक्य त्या खोऱ्यात पुरते. शहरात अशीच दुसरी वाक्ये पुरतात, आणि त्यांतली काही आमच्याविषयीची असतात.

उतरताना पेठेत एका आजींनी मुलांना तांब्याने पाणी दिले. कुठली रे शाळा, विचारले. पिंपरी-चिंचवडची, असे मुलांनी सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत, दुसरा हंडा आणायला आत गेल्या.

गाडीत तोच मुलगा शेजारी येऊन बसला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, ‘सर, वो पाइप का पानी अपने ही नल में आनेवाला था ना?’