दाराचं रबर

परवा गाडीच्या दाराचं बीडिंग बदललं. नवं रबर जरा जाड निघालं, आता दार आपटल्याशिवाय लागत नाही. गाडीत हे खपून जातं. विमानात?

ओरेगॉनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हनने १९७३ साली घरी बांधायच्या विमानांची कंपनी काढली. तिचं चार जणांचं आरव्ही-१० पहिल्यांदा २००३ मध्ये उडालं. फायबरग्लासची, वर उघडणारी दोन दारं. ती बांधणाऱ्यानेच घासूनपुसून बसवायची, म्हणजे प्रत्येक विमानात फट वेगळी! रबर पातळ पडलं तर वारा शिट्टी घालतो, पाऊस आत येतो. जाड झालं तर ते दाराला बाहेर रेटतं. हँडल पूर्ण फिरतं, पण मागची खिट्टी भोकात गेलेलीच नसते. उडताना छपराच्या गोलाईवर हवेचा दाब कमी होतो आणि दार बाहेर ओढलं जातं. काही आरव्ही-१० ची दारं हवेतच निखळली. दोष एकट्या रबराचा नव्हता म्हणा, पुढे कंपनीने जादा कडीही दिली. बऱ्याच जणांनी मात्र दाबलं की चपटं होणारं, मोटारीसारखं पोकळ रबरच पसंत केलं.

असो. शनिवारी माझं बीडिंग परत काढणार आहे.