आखूड बाहीची गोष्ट

पुणें जिल्ह्यांत मलठण नांवाचीं दोन गांवें आहेत. एक शिरूर तालुक्यांत, दुसरें दौंड तालुक्यांत. दौंडकडील मलठणचे कुलकर्णी म्हणजे दादोजी कोंडदेव. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीचा कारभार ते इ. स. १६४७ मध्यें मृत्यु येईपर्यंत पाहत होते.

त्या कारभाराच्या आरंभीं प्रांताची अवस्था काय होती? १६३० च्या सुमारास विजापूरच्या फौजेनें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें. पाठोपाठ १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ आला. शेतें ओस पडलीं, लांडगे माजले. बखरकार सांगतात कीं, दादोजींनीं लांडगे मारणारांस इनामें दिलीं आणि पडीक जमीन उठविणाऱ्या कुळांस प्रथम हलका सारा लावून तो क्रमानें वाढविण्याचा कौल दिला. कौल म्हणजे सरकारचा शब्द. तो पुढें मोडला जाईल अशी शंका असती, तर परागंदा झालेला कुणबी परत येऊन नांगर कशाला धरता?

अशा शब्दाला वजन कशानें येतें, हें शिवापूरच्या आमराईची गोष्ट सांगते. फळाला कोणीं हात लावूं नये, हा हुकूम दादोजींचाच. एके दिवशीं अनवधानानें त्यांनींच आंबा तोडला. चूक ध्यानांत येतांच ते आपला हात तोडावयास निघाले. लोकांनीं आवरलें, तेव्हां त्या हाताची बाही आखूड करून त्यांनीं तसाच अंगरखा वापरला.

सचोटीविषयीं बोलतांना एक गोष्ट लपवितां येणार नाहीं. ही कथा बखरींतून आलेली आहे. समकालीन पत्राइतकें तिचें वजन धरतां येत नाहीं. शिवरायांच्या घडणींत दादोजींचा वांटा किती, यावरहि अभ्यासकांचे तीव्र मतभेद आहेत.

तरीहि ही गोष्ट लोकांनीं जपली, त्याला कारण आहे. आंबा क्षुल्लक होता. माळी कांहीं बोलता ना. परंतु वरिष्ठाची चूक पाहून ज्यानें आज तोंड मिटलें, तो उद्यां मोजणीदारानें शेतकऱ्याचा बिघा खोटा मोजला तरी गप्पच बसणार. कचेरीचा मुख्य आपली चूक दप्तरांत दडवितो, तेव्हां हाताखालचे कारकून तेंच शिकतात. आखूड बाही मात्र रोज सर्वांस दिसे. हुकूम देणारा हातहि हुकुमाखालींच आहे, हें ती न बोलतां सांगे.