टोपी कुठे बनते?

आपल्याकडे जिला तुर्की टोपी म्हणत, हैदराबादेत तिलाच रूमी टोपी असे नाव होते. लाल रंग, सपाट माथा आणि त्यावरून लोंबणारा काळा गोंडा. आजोबा-पणजोबांच्या जुन्या छायाचित्रांत ती पुष्कळ घरी आढळेल. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला सुरू केलेल्या विद्यालयाचे पुढे कॉलेज झाले, आणि काळी शेरवानी व ही लाल टोपी तेथील विद्यार्थ्यांची ओळख ठरली. १९१९ ते १९२४ या खिलाफत चळवळीच्या काळात तर तुर्कस्तानविषयीचा जिव्हाळा या टोपीतून व्यक्त होई. परंतु ही टोपी तयार कुठे होत होती, असे वर्गात विचारले तर 'तुर्कस्तानात' असेच उत्तर येईल, आणि ते बऱ्याच अंशी चुकीचे ठरेल.

इंग्रजीत तिला फेज म्हणतात, ते मोरोक्कोतील फेज शहरावरून. मात्र उत्तम मालासाठी नाव होते ट्युनिस शहराचे. १६०९ पासून स्पेनच्या राजाने तेथील उरल्यासुरल्या मुस्लिम वंशाच्या लोकांना देशाबाहेर घालविले. त्यांतील हजारो कुटुंबे ट्युनिसला आली. घरदार मागे राहिले, हातातला हुन्नर मात्र बरोबर आला. त्यांनी 'शाशिया' नावाच्या लाल लोकरी टोपीचा धंदा असा वाढविला की, झैतूना मशिदीजवळ या कारागिरांचा स्वतंत्र बाजारच वसला. तो आजही तेथे आहे.

ही टोपी कशी बनते ते समजून घेण्यासारखे आहे. अरियाना या शेजारच्या गावातील स्त्रिया लोकरीच्या सुताची मोठी, ढगळ टोपी विणत. ती इतकी मोठी असे की, मुलाच्या डोक्यावर ठेवली तर खांद्यापर्यंत यावी. मग ती मजर्दा नदीकाठच्या अल बतान येथे जाई. तेथे गरम पाणी व साबण घालून तिला कुटत, त्यामुळे लोकर आटून घट्ट होई व विणीचे टाके दिसेनासे होत. त्यानंतर एका काटेरी वनस्पतीच्या वाळक्या बोंडांनी घासून तिच्यावर मखमलीसारखी लव काढीत. ही बोंडे अल आलिया गावाकडची. रंग चढे झगवान येथे, कारण तेथील झऱ्यांचे पाणी रंगकामाला चांगले. याच झऱ्यांचे पाणी रोमन लोकांनी कालवा बांधून कार्थेजला नेले होते. शेवटी टोपी ट्युनिसला परत येई, साच्यावर चढविली जाई आणि विक्रीला जाई. म्हणजे 'ट्युनिसची टोपी' या दोन शब्दांमागे चार-पाच गावे उभी होती. अशा टोपीला शिवण नसते. पुढे निघालेल्या हलक्या मालात नमदा कापून, शिवून आत पुठ्ठा घालतात. दोन पावसाळ्यांत फरक कळतो!

तुर्कस्तानात ही टोपी आली ती सुलतान महमूद दुसरा याच्या आज्ञेने. १८२७ च्या सुमारास त्याने ती नव्या सैन्याला दिली आणि १८२९ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना. मागणी इतकी वाढली की ट्युनिसहून माल व कारागीर आणावे लागले, आणि १८३० च्या दशकात इस्तंबूलमध्ये 'फेसहाने' हा सरकारी कारखाना निघाला. तथापि युरोपातील यंत्रांपुढे व स्वस्त रासायनिक रंगांपुढे तोही अपुरा पडला. ऑस्ट्रियाच्या बोहेमिया प्रांतात, आजच्या चेक देशात, स्ट्राकोनित्से नावाचे गाव आहे. तेथील गिरण्यांनी पूर्वेकडच्या मुसलमानांसाठी लक्षावधी टोप्या काढल्या. तो माल वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सारखा रंग, सारखे माप आणि किंमत कमी. टोपी घालणारा मुसलमान आणि नफा घेणारा व्हिएन्नाचा व्यापारी, असा तो व्यवहार होता.

१९०८ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला, तेव्हा इस्तंबूलच्या लोकांना डोक्यावरच्या टोपीची एकाएकी आठवण झाली. ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पडला. बंदरातील हमालांनी जहाजे रिकामी करण्याचे नाकारले. लोकांनी लाल टोप्या फाडल्या आणि नमद्याच्या पांढऱ्या टोप्या घातल्या. १९०९ च्या आरंभी ऑस्ट्रियाने नुकसानभरपाई कबूल केल्यावर हे प्रकरण मिटले. आपल्या पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली ती १९०५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे अवघी तीन वर्षे आधी. दोन्ही ठिकाणी लोकांना प्रश्न एकच पडला होता.

इजिप्तची हकीकत विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी. तेथे या टोपीला तरबूश म्हणत. तीही बाहेरून येई. १९३१ साली कैरो येथील कायद्याचा विद्यार्थी अहमद हुसेन व त्याचे सोबती यांनी घरोघर फिरून प्रत्येकाकडून एक किर्श, म्हणजे आपल्याकडील आण्यासारखे लहान नाणे, मागितले. त्या वर्गणीतून तरबूशचा कारखाना उभा राहिला. मात्र काळ उलटला होता. तुर्कस्तानात मुस्तफा कमाल यांनी १९२५ च्या नोव्हेंबरात कायद्याने ही टोपी बंद केली होती, आणि १९५२ च्या क्रांतीनंतर इजिप्तमध्येही ती मागे पडली. तेव्हा चांगला कारखाना असला तरी गिऱ्हाईक टिकेलच असे नाही.

नावाने फसविणारी ही एकटीच टोपी नव्हे. पनामा हॅट पनामाची नसून इक्वेडोरची आहे. पनामाच्या बंदरातून ती जगभर गेली, आणि १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट कालव्याचे काम पाहण्यास गेले असता ती घातलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, म्हणून ते नाव पक्के बसले. मोंतेक्रिस्ती गावची बारीक विणीची हॅट विणायला महिनोन्महिने लागतात. २०१२ साली युनेस्कोने त्या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला, तेव्हा कुठे खऱ्या गावाचे नाव लोकांना कळले. आपल्या पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही याच हेतूने.

आता आपल्या घराकडे पाहू. करावे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. कोळी नृत्यातली टोकदार लाल टोपी येथील प्रत्येक मुलाने पाहिलेली आहे. मशिदीत जाताना आपली मुले घालतात ती पांढरी जाळीची टोपी बहुधा मुंबईच्या महंमद अली रोडवरून येते. रमजानमध्ये तेथील दुकानांत इंडोनेशिया, चीन, बांगलादेश अशा देशांचा माल मांडलेला असतो. बांगलादेशातील बोगुरा भागात खेड्यांतील स्त्रिया घरकाम सांभाळून क्रोशाच्या सुईने या टोप्या विणतात आणि त्या आखाती देशांतही जातात. दाऊदी बोहरा समाजाची सोनेरी किनारीची पांढरी टोपीसुद्धा स्त्रियाच घरी विणतात. तेथे आई, मामी किंवा फूफी टोपी पाहून वीण कोणाच्या हातची हे ओळखू शकते. दुकानातल्या टोपीला अशी ओळख नसते. तिची परीक्षा आपणच करावयाची: उलटी करून टाके पाहावेत, धाग्याचे टोक नीट आत घेतले आहे की नुसते कापले आहे ते बघावे, एकदा धुवावी. विणणारीला एका टोपीमागे काय मिळाले, हे मात्र टोपी उलटी करून दिसत नाही. पालकांनी दुकानदाराला तेवढे विचारून पाहावे.