इन्फ्रारेड फिल्म आणि पायातल्या लपलेल्या शिरा

परवा दिघाशीचा एक तरुण फोटोग्राफर वडिलांना घेऊन दवाखान्यात आला. वडिलांच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, वर्षभर न भरलेली जखम होती. सारा जन्म भिवंडीच्या यंत्रमागावर उभ्याने गेलेला. तपासणी झाली आणि मुलाने वेगळाच प्रश्न काढला. "डॉक्टर, जुना रोलचा कॅमेरा घेतलाय. ब्लॅक अँड व्हाइट इन्फ्रारेड फिल्म कोणती घेऊ? वज्रेश्वरीच्या गरम कुंडांचे फोटो काढायचेत. उष्णता दिसेल ना त्यात?"

नाही दिसणार. उलट कुंडाचं पाणी काळंभोर येईल.

तुम्हालाही हा गैरसमज असेल, म्हणून थोडं मागे जाऊ. 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. हे अवरक्त किरण. पण त्यांचा पट्टा फार रुंद आहे. आपल्या डोळ्यांची मर्यादा साधारण 700 नॅनोमीटर. इन्फ्रारेड फिल्म त्यापुढे जेमतेम 900 पर्यंत पाहते. आपल्या शरीराची उष्णता बाहेर पडते ती 10,000 नॅनोमीटरच्या आसपास. कोविडमध्ये कपाळावर धरायची ती 'गन' हीच उष्णता मोजते. (ती किरण सोडत नाही, आपल्याकडून आलेले टिपते. तिला घाबरणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले.) फिल्मला मात्र सूर्याचे परावर्तित किरणच लागतात. पानं ते भरपूर परतवतात म्हणून पांढरी दिसतात, पाणी आणि निळं आकाश काळं.

असे फोटो 1910 मध्ये रॉबर्ट वुड यांनी प्रसिद्ध केले. नाव ओळखीचं वाटतंय? त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत कोड किंवा काही प्रकारचे नायटे ज्या जांभळ्या दिव्याखाली पाहतात, तो 'वुड्स लॅम्प' याच गृहस्थांच्या नावाचा. तो अतिनील किरणांचा, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाचा.

1930 च्या दशकात चांगल्या इन्फ्रारेड फिल्म मिळू लागल्या आणि डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. हे किरण कातडीत काही मिलिमीटर शिरतात, पण शिरांमधलं, प्राणवायू कमी असलेलं रक्त त्यांना शोषतं. म्हणून शिरा काळ्या रेघांसारख्या उमटतात. 1933 मध्ये हॅक्सथॉसेन या डॅनिश त्वचारोगतज्ज्ञाने पायाच्या जखमा आणि इसब असलेल्या रुग्णांचे असे फोटो घेतले आणि वरून न दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा दाखवल्या. म्हणजे दोष नुसत्या कातडीचा नव्हता. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, दाब वाढतो, कातडी काळवंडते आणि साध्या ओरखड्याची जखम होते. मलमं बदलून ती भरत नाही. माझ्यासमोर बसलेल्या वडिलांनी वर्षभर तेच केलं होतं.

फोटोला मर्यादाही होत्या. शीर दिसते, पण रक्त उलटं वाहतंय का ते कळत नाही, आणि खोलवरच्या शिरा तर दिसतच नाहीत. त्यासाठी आता डॉप्लर सोनोग्राफी आहे. स्तनांच्या गाठींसाठीही असे फोटो घेऊन पाहिले गेले, पण ते भरवशाचे ठरले नाहीत. आज उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने 'स्तनांची तपासणी' करून देतो असं कुणी सांगितलं, तर ती मॅमोग्राफीच्या जागी धरू नका.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. 900 पर्यंत पाहणारी कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड 2007 मध्ये बंद झाली. शिरांसाठी तीच खरी. इलफर्डची एसएफएक्स 200 साधारण 740 पर्यंतच जाते, परिणाम सौम्य. रोलाय इन्फ्रारेड 400 सुमारे 820 पर्यंत जाते. 720 चा फिल्टर लावून पावसाळ्यातली भातशेती पांढरी हवी असेल तर ती घ्यावी. ट्रायपॉड हवाच. रोल अंधारात भरायचा आणि आपल्या उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवायचा.

वडिलांचा डॉप्लर झाला. झडपा निकामीच निघाल्या. पायाला शुद्ध रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या ठीक आहेत हे आधी पाहून घेतलं, कारण त्या आकसलेल्या असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय धोक्यात येतो. मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी सुरू केली. ती कशी बांधायची ते मुलगाच शिकून गेला. शिरांवरच्या उपचारासाठी सर्जनकडची चिठ्ठी दिली आहे.