आधी अँटीव्हायरस बंद करा

आजचा एपिसोड थोडा कबुलीजबाबाचा आहे.

2016 साली मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर एक पेन ड्राइव्ह फिरायचा. त्यात विंडोज आणि ऑफिस फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करणारं टूल होतं आणि सोबत एक टेक्स्ट फाइल. तिची पहिली ओळ: ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ मी निमूटपणे केला. दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही तेच केलं. बाबा खूश, मी हिरो.

ही ओळ आली कुठून? जरा मागे जाऊया.

ऑक्टोबर 2001. विंडोज एक्सपी आलं आणि त्यासोबत प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेशन. नुसती की टाकून भागेना. मायक्रोसॉफ्टकडून ती पक्की करून घ्यावी लागायची. मोठ्या कंपन्यांना मात्र प्रत्येक मशिनसाठी हा ताप नको, म्हणून त्यांच्या आवृत्तीला ही अट नव्हती. नेमकी तिचीच एक की एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली. एफसीकेजीडब्ल्यूने सुरू होणारी ती 25 अक्षरं जगभर फिरली. शेवटी 2002 मध्ये सर्व्हिस पॅक 1 ने ती अडवली.

आता गंमत बघा. चोरी ती होतीच. पण कागदावर लिहिलेली 25 अक्षरं स्वतःहून काही करू शकत नाहीत. ती तुमचे पासवर्ड वाचत नाहीत.

पुढे व्हिस्टापासून कंपन्यांसाठी केएमएस आलं. कंपनीच्या नेटवर्कवर एक सर्व्हर असतो. किमान 25 कॉम्प्युटरनी विचारणा केली की तो त्यांना अ‍ॅक्टिव्हेट करायला लागतो. ते 180 दिवस टिकतं, म्हणून अधूनमधून पुन्हा विचारत राहायचं. इथे पळवाट काढायला नुसती की पुरत नाही. तुमच्याच मशिनवर खोटा सर्व्हर उभा करणारा प्रोग्रॅम लागतो. त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क हवेत आणि बऱ्याचदा तो मागे चालूच राहतो. अँटीव्हायरस ओरडणारच. म्हणून ती पहिली ओळ!

म्हणजे फुटलेल्या आकड्याच्या जागी आता अनोळखी माणूस आला आणि घराच्या किल्ल्या आपणच त्याच्या हातात दिल्या.

चोरांनी हे बरोबर ओळखलं. डिसेंबर 2021 मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने केएमएसपिकोच्या एका इन्स्टॉलरबद्दल सावध केलं. त्यात क्रिप्टबॉट लपवलेला होता. हा ब्राउझरमधली माहिती आणि क्रिप्टो वॉलेट चोरतो. सोबत अ‍ॅक्टिव्हेटरही खरोखर इन्स्टॉल व्हायचा, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तर इक्लेक्टिकआयक्यूच्या अभ्यासकांनी सांगितलं, की सँडवर्म हा रशियन लष्करी हॅकर गट युक्रेनमध्ये अशाच भेसळीच्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून हेरगिरी करतोय.

हे वाचलं आणि मला बाबांचं दुकान आठवलं. त्या कॉम्प्युटरवर अख्ख्या गल्लीची आधार कार्डं, सातबारे, मुलांचे फॉर्म. माझ्या एका क्लिकने धोक्यात आलेलं यातलं काहीच माझं नव्हतं.

गावी जाऊन मशिन फॉरमॅट केली, पासवर्ड बदलले, लायसन्स विकत घेतलं. ऑफिसच्या जागी फुकटचं लिबरऑफिस टाकलं. काही चोरीला गेलं होतं का? कळायला मार्ग नाही. बाबा म्हणाले, “अरे, इतकी वर्षं चालत होतं की!”

चालत होतं, खरंय. क्रिप्टबॉटवाल्यांचंही चालतच होतं.

तुम्ही हे फोनवर ऐकताय, म्हणून शेवटचं. एखाद्या अ‍ॅपची फुकट ‘मॉड’ फाइल मिळते आणि सोबत सूचना असते, ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा.’ ओळखीची वाटली ना ओळ? तिथेच थांबा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!