पहिल्यानंतर कोण?

पॉल रोब्सन म्हटलं, की माझ्या पिढीला आठवतो तो त्याचा धीरगंभीर आवाज. त्याच्या मिसिसिपी नदीवरच्या गाण्यापासून प्रेरणा घेऊन भूपेन हजारिकांनी आपलं नदीचं गाणं रचलं, हेही अनेकांना ठाऊक असेल. पण हा गायक तरुणपणी पैसे घेऊन फुटबॉल खेळायचा आणि त्यातून कायद्याच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा, हे मला फार उशिरा कळलं. १९२१ साली त्याला ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनच्या संघात आणलं ते फ्रिट्झ पोलार्डनं. आज या पोलार्डविषयी बोलायचं आहे.

मी कवी माणूस, खेळातलं मला बेताचंच कळतं. अमेरिकेतला हा फुटबॉल नावालाच पायांचा. लांबट चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो धसमुसळा खेळ.

पोलार्डचा जन्म १८९४ साली शिकागोत झाला. आईवडिलांनी नाव ठेवलं फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला हा मोठा नेता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ ज्या लढ्यासाठी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, त्याच लढ्यातला. मोहल्ल्यात जर्मन कुटुंबं बरीच, त्यामुळे फ्रेडरिकचा ‘फ्रिट्झ’ झाला.

उंची पावणेसहा फूट, वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास. या खेळात हा माणूस लहानखुराच. पण पाय विजेचे. ब्राउन विद्यापीठाकडून १९१६ साली तो मानाच्या रोझ बोल सामन्यात उतरला. तिथं खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षी त्याच्या संघानं येल आणि हार्वर्ड या दोघांनाही हरवलं.

१९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावी व्यावसायिक संघांची एक संघटना स्थापन झाली. तीच पुढे एनएफएल झाली. पहिल्या वर्षी अ‍ॅक्रनचा संघ एकही सामना न हरता विजेता ठरला. त्यातला मोठा वाटा पोलार्डचा.

मात्र या विजेत्याला उपाहारगृहात जेवण मिळत नव्हतं, हॉटेलात खोली मिळत नव्हती. सामन्यासाठी कपडे बदलायचे ते संघाच्या एका मालकाच्या सिगारच्या कारखान्यात. तिथून मोटारीनं मैदानावर जायचं. स्वतःच्याच गावचे प्रेक्षक शिव्या घालत. मैदानात तो खाली पडला, की विरोधी खेळाडू मुद्दाम अंगावर येऊन पडत. त्यावर त्यानं युक्ती काढली. पडताक्षणी उताणं व्हायचं आणि सायकल चालवावी तसे दोन्ही पाय हवेत फिरवायचे. कोणाची छाती होती जवळ यायची! हसू येतं, मग लक्षात येतं, की ही खेळाची कला नव्हती, जीव वाचवण्याची होती.

१९२१ मध्ये तो खेळाडू असतानाच अ‍ॅक्रनचा प्रशिक्षकही झाला. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. आता रस्ता खुला झाला, असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. १९२६ नंतर पोलार्ड एनएफएलमध्ये दिसला नाही. १९३४ पासून १९४५ पर्यंत तर तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी बंदी नव्हती. कोणी घेतच नव्हतं. पोलार्डनं स्वतःच कृष्णवर्णीय खेळाडूंचे संघ बांधले, त्यांना शिकवलं, न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रही चालवलं. १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघानं दोन कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. तेही मैदान सार्वजनिक मालकीचं असल्यानं तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी दबाव आणला म्हणून.

कविसंमेलनात सूत्रसंचालक कधी कधी माझी ओळख करून देतात, ‘मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी लिहितात!’ टाळ्या पडतात. मी मान लववतो. पण त्या ‘असूनही’मध्ये मी घरचा न राहता पाहुणा होतो. पोलार्डचं कौतुकही बहुधा असंच झालं असावं. पाहुण्याचं कौतुक करणं सोपं, त्याला घरात जागा देणं अवघड.

पोलार्ड ११ मे १९८६ रोजी वारला. तोवर एनएफएलमध्ये दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झालेला नव्हता. तो झाला १९८९ मध्ये, आर्ट शेल. मध्ये अडुसष्ट वर्षं गेली. कँटनच्या मानवंतांच्या दालनात पोलार्डला जागा मिळाली ती २००५ साली.

इतिहासाच्या पुस्तकांत आपण ‘पहिला’ कोण ते पाठ करतो आणि पान उलटतो. पोलार्डची गोष्ट कळल्यापासून मी त्याच पानावर आणखी एक प्रश्न विचारतो. दुसरा कधी आला? आणि तोवर दार कोणी लावून घेतलं होतं?