फडताळापासून राखाडी कपाटापर्यंत

यवतमाळकडे नवें घर बांधतांना किंवा जुनें दुरुस्त करतांना हल्लीं एक प्रश्न हटकून निघतो: स्वयंपाकाच्या ओट्याखालीं व ओट्यावर जीं कपाटें बसवावयाचीं, त्यांना रंग कोणता द्यावा? दुकानदाराची रंगपट्टी पुढें आली कीं तरुण मंडळींचें बोट राखाडी रंगावर टेकतें, आणि घरांतील वडील माणसें कुरकुरूं लागतात. राखेचा रंग चुलीच्या पोटांत शोभतो, कपाटाला कशास, असें त्यांचें म्हणणें. हा वाद मिटविण्यापूर्वीं, या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरांत कपाट कोणत्या वाटेनें आलें व त्याला रंग कां लागला, हें पाहणें उपयोगाचें आहे.

वऱ्हाडचा कारभार १८५३ सालीं इंग्रजांकडे गेला. आजचा यवतमाळ जिल्हा पुढें वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला. यवतमाळ हें नांव त्याला १९०५ सालीं मिळालें. त्या काळच्या शेतकऱ्याच्या घरांत कपाट नव्हतें असें म्हटलें तरी चालेल, परंतु कपाटाचें काम करणाऱ्या वस्तूंची वाण नव्हती. धान्य शेणामातीनें लिंपलेल्या कणगींत किंवा जमिनींतील पेवांत असे. मडक्यांची उतरंड कोपऱ्यांत उभी असे. दूधदुभतें मांजराच्या तोंडून वांचावें म्हणून आढ्याला टांगलेल्या शिंक्यावर ठेवीत. मीठ, तेलाची बुधली व दिवा यांची जागा देवळींत, म्हणजे भिंतींतल्या कोनाड्यांत. ज्याची ऐपत असे तो त्या कोनाड्यालाच सागाच्या फळ्या व झडपा बसवी, आणि त्याला फडताळ म्हणत.

या सर्व व्यवस्थेचा आधार होता भिंतीची जाडी. मातीची भिंत हात-दीड हात रुंद. तिच्या पोटांत फडताळ सुखानें मावे आणि खोलीची बोटभर जागाही अडवीत नसे. पुढें पक्क्या विटांचीं घरें आलीं. भिंत नऊ इंचांवर आली, आंतली आडभिंत तर साडेचार इंचांवर. अशा भिंतीला पोटच उरलें नाहीं. सामानाची जागा भिंतींतून बाहेर निघाली ती थेट खोलींत येऊन उभी राहिली. लहान स्वयंपाकघराची अडचण खरी येथून सुरू होते, आणि रंगाचा प्रश्नही येथूनच. जें भिंतीच्या आंत होतें त्याला भिंतीचें रूप पुरे होतें. जें डोळ्यांसमोर उभें राहतें त्याचें रूप ठरवावें लागतें.

शब्दांतही हा इतिहास थोडा उतरला आहे. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी. आपलें कवाड तेंच. मराठीनें दाराचें नांव सबंध वस्तूला दिलें. विदर्भांत अधिक ऐकूं येणारी आलमारी मात्र पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. असो.

चूल पेटत होती तोंपर्यंत रंगाची निवड ही गोष्टच संभवत नव्हती. धूर हाच त्या खोलीचा रंगारी होता. आढें, वासे, फडताळाच्या झडपा, सर्वांना तो एकाच काळ्या रंगाची झिलई चढवी. बाईनें पोतेरें फिरवून जमीन व चूल उजळावी, आणि संध्याकाळच्या भाकरीबरोबर धुरानें पुन्हां आपलें काम करावें, हें पिढ्यान् पिढ्या चाललें. त्यांत तिचे डोळे व छाती जात, तें निराळेंच. रॉकेलचा स्टोव्ह आला, शहरांत गॅस आला, आणि २०१६ नंतर उज्ज्वला योजनेनें खेड्यांपर्यंत सिलिंडर पोंचले. तरी पुनः भरण्याचा खर्च न झेपून चुलीकडे परतलेलीं घरें थोडीं नाहींत. ज्या घरीं धूर खरोखर थांबला, त्याच घरीं कपाटाला फिकट रंग देण्याची सोय झाली.

रंगाची कथा मात्र याच काळ्या मातीशीं निगडित आहे. तैलरंगांत रंग देणारी बारीक पूड असते व तिला धरून ठेवणारें तेल असतें. तें तेल कित्येक शतकें जवसाचें होतें. खोबरेल फळीला लावलें तर चिकट राहतें. जवसाचें तेल हवेंतला प्राणवायु शोषून घट्ट पापुद्रा धरतें. पावसाळा सरल्यावर जमिनींतल्या ओलीवर वाढणारें हें पीक वऱ्हाड-नागपुराकडे मुबलक होतें, आणि त्याचें बीं विलायतेस जात असे. तेथें त्याचें तेल निघे व रंग होत, आणि असे विलायती रंग डब्यांत बंद होऊन इकडे विकावयास येत. वऱ्हाडच्या कापसाची मँचेस्टरवारी सर्वांस ठाऊक आहे. जवसाचें नांव मात्र चटणीपलीकडे कोणी घेत नाहीं. हावड्याजवळ शालिमारचा रंगाचा कारखाना १९०२ सालीं निघाला, व मुंबईंत चौघा मित्रांनीं एशियन पेंट्स १९४२ सालीं सुरू केली. आज जिल्ह्यांत कापूस व सोयाबीन यांच्यापुढें जवस मागें पडला आहे.

पांढरकवडा, वणी, उमरखेड या बाजूंस सागाचीं रानें. तेव्हां सागाला रंग फासणें जुन्या सुतारास पटण्यासारखें नव्हतें. तेलपाणी केलें कीं झालें. परंतु साग महागला, प्लायवूड व भुशाच्या दाबलेल्या फळ्या आल्या. त्यांना झांकण्याजोगें अंग आहे, म्हणून रंग हवा. दुसरीकडून लोखंडी पत्रा आला. गोदरेजनें पोलादी कपाटें १९२३ पासून करावयास घेतलीं, आणि गंजापासून रक्षण म्हणून रंग हा त्यांचा सोबतीच झाला.

लहान खोलींत कपाटें कशीं रचावीं याचा पद्धतशीर विचार पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत झाला. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यकार बाईनें १९२६ सालीं फ्रँकफर्टच्या कामगार-वस्तीसाठीं सुमारें सहा फूट रुंद व अकरा फूट लांब स्वयंपाकघर आंखलें. बाईचीं पावलें मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरविली. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. तेथील कपाटांना निळा रंग दिला, कारण माशा निळ्यावर बसत नाहींत अशी समजूत होती.

रंग निवडतांना रूपाहून महत्त्वाची गोष्ट विषाची आहे. जुना पांढरा रंग म्हणजे सफेता, शिशाचा. काळी पूड मिसळून त्याचाच राखाडी होई. गंधकयुक्त धुरानें तो काळवंडे, आणि त्याची खपली पोटांत गेली तर लहान मुलांच्या मेंदूस अपाय होतो. घरांच्या आंतल्या रंगकामांत त्याच्या वापरावर बंदी घालणारा करार जिनीव्हा येथें १९२१ सालीं झाला. भारतांत घरगुती रंगांतील शिसें दशलक्षांत ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुन्या फडताळाचा रंग कोरडा खरवडूं नये. पाणी मारून, मुलांना दूर ठेवून काढावा, आणि नव्या डब्यावरचा शिशाविषयींचा मजकूर वाचावा.

आतां राखाडी. वडिलांनी नाक मुरडलें तरी हा रंग या खोलींत परका नाहीं. राखेनेंच भांडीं घासलीं, राख चोळूनच कडधान्य किडीपासून जपलें. प्रश्न गडदपणाचा आहे. डोळ्याला पांढऱ्या-काळ्याच्या अगदीं मध्यें वाटणारा राखाडी पडलेल्या प्रकाशाचा सुमारें पांचवाच हिस्सा परत देतो; उरलेला गिळतो. एकच खिडकी असलेल्या खोलींत तो चारी बाजूंस दिला, तर भाजी निवडणाऱ्या बाईला भर दुपारीं दिवा लावावा लागेल. तेव्हां वरच्या कपाटांना अगदीं फिकट राखाडी व खालच्यांना थोडा गडद, हें अधिक शहाणपणाचें. खालच्यांनाच पाय, पाणी व बादली लागते. पांढऱ्यांत नुसता काळा मिसळला तर निळसर, थंड छटा येते. चिमूटभर पिवळी माती पडली कीं ती निवळते, असें मुरलेले रंगारी करतात. हळदीचा डाग फिकट राखाडीवर उठून दिसतो खरा, पण ऊन लागलें कीं हळदीचा रंग उडतो, म्हणून खिडकीजवळच्या झडपेची काळजी कमी. रंगपट्टीवरच्या दोन बोटांच्या तुकड्यावर मात्र भरंवसा ठेवूं नये. हातभर फळी रंगवून ओट्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत उभी करावी, आणि सकाळीं, दुपारीं व दिवा लागल्यावर ती पाहावी. पाहणारी व्यक्ति मात्र ओट्यापाशीं उभी राहून भाकरी थापणारी असावी.